वीस फुटी पाइप आणि खडूचं दार

टिळेकर सरांचं नाव आधी लिहितो, मग पुढचं. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आयर्लंडमध्ये आज माझ्या हाताला कायमचं काम आहे ते त्यांच्यामुळं. सर गेले त्याला सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा, मेधाताईंचा फोन आला तेव्हा मी इथल्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका गेटला बिजागरी लावत होतो. "धनाजी, बाबा सकाळी चहा घेता घेता गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का... अजून ते मनाला टोचतं.

मी मिरजेचा. आठवीत शाळा सोडून फॅब्रिकेशनच्या दुकानात लागलो. बायको नर्स, तिला ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तिच्यामागं इथं आलो. 'शिक्षण' असा रकाना असलेला फॉर्म दिसला की मी तो बायकोकडं सरकवतो. मेधाताईंच्या घरी जिन्याचा कठडा बसवायला गेलो, तेव्हा सर चष्मा कपाळावर चढवून माझं काम निरखत बसले. पुण्यात पॉलिटेक्निकला आयुष्यभर शिकवलेला माणूस, निवृत्त होऊन लेकीकडं राहायला आलेला. म्हणाले, "कुठं शिकलास?" मी घाबरून सांगून टाकलं, "आठवीत सोडली शाळा, सर." "अरे, शाळेचं कोण विचारतंय? हे वेल्डिंग कुठं शिकलास?" त्या आठवड्यापासून दर रविवारी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ड्रॉइंग वाचायला शिकवलं. वेल्डरच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा ते पुढच्या रविवारी पेन्सिलीला टोक काढून तयार बसले होते. तिसऱ्यांदा पास झालो आणि नोकरी कायम झाली.

त्याच टेबलावर त्यांचं दुसरं काम पसरलेलं असायचं. दूर समुद्रात एक बेट आहे, अजून ब्रिटिशांच्याच ताब्यात. सरांचा एक जुना विद्यार्थी तिथल्या सरकारी कचेरीत आहे. तिथं तंत्रशिक्षणाचं नवं कॉलेज काढायचं घाटत होतं, त्याचा आराखडा त्यानं सरांकडं सोपवला होता. पहिल्याच पानावर सरांनी लिहिलं होतं, प्रवेशाला शाळा पास असण्याची अट नाही. ते वाक्य मी त्यांना दोनदा वाचायला लावलं. माझा मालक शेमस चिडवायचा, "ब्रिटिशांना घालवण्यात आमच्या पिढ्या गेल्या, आणि तुझा म्हातारा त्यांना कॉलेज बांधून देतोय!" सर म्हणायचे, "त्याला सांग, आम्हीही घालवलेच होते. कॉलेज तिथल्या पोरांसाठी आहे."

सरांची एक खोड होती. कागदावर सगळंच मावतं, म्हणायचे. म्हणून प्रत्येक खोली खऱ्या मापानं जमिनीवर खडूनं आखायची आणि आत चालून बघायची. कॉलेजचं वर्कशॉप एका शनिवारी दुपारी शेमसच्या आवारात आखलं. मधेच भुरभुर आली, निम्मी भिंत वाहून गेली, ती पुन्हा आखली. मग मी वीस फुटी पाइप खांद्यावर घेऊन खडूच्या पॅसेजमधून निघालो आणि दाराशी अडलो.

"सर, पाइप वळत न्हाई."

"तिरका कर."

"तिरका केला की भिंतीत जातोय की!"

"कुठली भिंत?"

"तुमी आत्ता काढली ती!"

सर उलट्या बादलीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षं वर्कशॉपं आखली रे, पण पाइप कधी स्वतः खांद्यावर घेतला नाही." बुटानं खडू पुसला, पॅसेजकडचं दार बंद केलं आणि अंगणाकडच्या भिंतीला नवं रुंद दार काढलं. घरी जाऊन नकाशातही बदललं. त्या दाराशी पेन्सिलीनं लिहिलं, 'धनाजीचं दार'. माझं नाव असं कुठल्या कॉलेजात लागलं ते पहिल्यांदाच.

शेवटचं भेटलो तेव्हा बेटावरून ईमेल आलेला होता. कॉलेज होणार नाही. शाळा पास झालेल्या दोनचार मुलांना बाहेरदेशी शिकायला पाठवतील. "आणि जे पास न्हाईत त्यांचं काय?" मी विचारलं. सरांनी ईमेल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "त्यांच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही रे." मी काहीतरी बोलायला हवं होतं, दुसरं एखादं बेट असेल, असं काहीही. मी चहाचा कप विसळून ठेवला आणि निघालो. पंधरा दिवसांत सर गेले.

मेधाताईंनी तो नकाशा मला दिला. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथं कपाटाला प्रेसच म्हणतात, ताटांच्या मागं उभा ठेवलाय. बायको म्हणते, भिंतीवर लावा की. मी म्हणतो, जे होणारच नाही ते रोज कशाला बघायचं? पण ताट काढताना हात त्याला लागतोच.

सर, ते कॉलेज होत नाही, मला कळतंय. तरी तुमच्या उपकारांची फेड मी कधीतरी करणार. त्या बेटावर जाईन, कॉलेजसाठी ठरलेल्या मोकळ्या जागेवर तुमचं वर्कशॉप खडूनं खऱ्या मापात आखीन आणि वीस फुटी पाइप खांद्यावर घेऊन, कुठंही न अडता, त्या दारातून आत जाईन.