सरदार ततपप

आम्ही सगळे जिला ताई म्हणायचो, ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणात एकेक दात बसवायची, मग घासून चकाकी आणायची. सव्वीस वर्षं हेच काम. रस्त्यात कोणी हसलं की तिची नजर आधी त्याच्या हिरड्यांवर जायची. "हे माझं काम नाही," ती माझ्या कानात म्हणायची, "माझं असतं तर सुळा असा डोकावला नसता." जीभ तिखट होती. तिच्या शेजारी बसलं की दुपार हसण्यात जायची.

रविवारी वाचनालय वाचकांसाठी बंद असायचं, आणि दुपारी वरच्या खोलीत आमचा खेळ चालायचा. प्रत्येकाने कागदावर एक पात्र लिहायचं: हा कोण, धंदा काय, कशात तरबेज, कशाला घाबरतो. मग ग्रंथपाल गोष्ट सांगायला लागायचे. समोर नदी आहे, पूल मोडलाय, आता काय करता? आपण आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, फासे टाकायचे, आणि पडेल ते भोगायचं. दिवसभर औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून देणारा मी तिथे दरोडेखोर होतो. पोस्टातल्या बाईंच्या खिडकीसमोर रोज रांग. त्या तिथे महाराणी होत्या आणि भेटायला येईल त्याला मुद्दाम ताटकळत ठेवायच्या. ताईचं पात्र होतं सरदार ततपप.

हा सरदार शूर होता, पण बोलताना अडखळायचा. "प-प-प-प..." म्हणत मांडीवर मूठ आपटायचा, डोळे गच्च मिटायचा, आणि "पळा!" हा शब्द बाहेर पडेपर्यंत राक्षस दारात आलेला असायचा. ताई ते असं करून दाखवायची की आमची हसून मुरकुंडी वळायची. सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. चार वर्षं हसलो.

पात्र कसं निवडलं जातं याचं ग्रंथपालांना भारी कुतूहल. ते एका वहीत टिपणं ठेवायचे. "तुम्ही दरोडेखोर का झालात ते कळतं," ते मला म्हणायचे, "तुम्ही आयुष्यात कधी रांग मोडली नसेल. बाईंचंही कळतं. पण ताई, तुझा सरदार कुठून आला? तू तर एका शब्दाला अडत नाहीस."

"आला असाच," ताई म्हणायची. "माझ्यात जे नाही ते त्याच्यात आहे. लिहून घ्या."

त्यांनी लिहूनही घेतलं.

त्या वर्षी वाचनालयाच्या खुर्च्यांना नवीन कापड चढवायचं ठरलं. काम रविवारीच करावं लागणार होतं. मी जिना चढून वर आलो तर कोपऱ्यात एक गृहस्थ उलटी खुर्ची पुढ्यात घेऊन बसलेले. एका हातात लहान हातोडी, तोंडात बारीक खिळे. हे कारागीर त्या खिळ्यांना चुका म्हणतात. ओठांतून एकेक चूक काढायची, कापडावर धरायची, ठोकायची. मी त्यांना ओळखलं. माझ्या दुकानात ते वर्षानुवर्षं यायचे, औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुढे करायचे, औषध घेऊन जायचे. तोंडातून कधी शब्द नाही. मला वाटायचं, माणूस घमेंडखोर आहे. आम्ही दुकानात त्यांना 'चिठ्ठीवाले साहेब' म्हणायचो.

ताई आली, दारातच थबकली. मग आत येऊन आपल्या जागेवर बसली. त्या गृहस्थांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. आम्हाला वाटलं, तोंडओळख असेल.

खेळ सुरू झाला. सरदार गप्प. पुलावर गप्प, जंगलात गप्प. ताई नुसती म्हणायची, "सरदार मागून येतो." असं तासभर चाललं, आणि मला राहवेना.

"अहो सरदार," मी म्हणालो, "जीभ घरी विसरलात का? हुकूम द्या!"

"आज त्याचा घसा बसलाय," ताई म्हणाली.

"घसा बसला तर आणखी मजा!" महाराणी म्हणाल्या. "बोला, बोला, ततपप!"

आम्ही दोघांनी टेबलावर ताल धरला. त-त-प-प, त-त-प-प. ग्रंथपालही हसत होते. ताईने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. आणि मग तिने ते केलं. नेहमीइतकं रंगवून नाही, पण केलं. डोळे मिटले, मांडीवर मूठ आपटली, "प-प-प-पुढे व्हा!" आम्ही हसलो. कोपऱ्यातली हातोडी थांबली. किती वेळ कोण जाणे, फार नसेल. मग ठक्, ठक्, पुन्हा सुरू झाली.

ते गृहस्थ तिचे सख्खे मोठे भाऊ होते, हे मला पुढे कळलं, तिच्याच तोंडून.

दादा लहानपणापासून बोलताना अडायचा. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, पण तीच त्याचं तोंड झाली. दुकानात ती मागायची, फोन ती घ्यायची, पाहुण्यांना उत्तरं ती द्यायची. त्याने तोंड उघडलं की ती वाक्य पुरं करून टाकायची. घरात सगळे म्हणायचे, किती जीव आहे भावावर. आणि तीच छोटी पाहुणे गेले की वडिलांसमोर दादाची नक्कल करायची. वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. दादाही हसायचा. वडील हसले की घर हलकं व्हायचं, आणि ते हलकं करणं आपल्या हातात आहे हे तिला सातव्या-आठव्या वर्षीच कळलं होतं. पुढे वडील गेले, नक्कल थांबली. आमच्या टेबलावर ती पुन्हा सुरू झाली.

त्या दिवशी खेळ संपल्यावर ग्रंथपालांनी दादाला चहा दिला आणि सहज विचारलं, "तुम्ही ऐकत होतात की काय? एक जागा रिकामी आहे. या की पुढच्या रविवारी."

ताई चटकन म्हणाली, "नाही, त्यांना वेळ नसतो."

दादाने तोंडातल्या उरलेल्या चुका काढून डबीत ठेवल्या. "येतो," तो म्हणाला. स्वच्छ, एका दमात.

तो आठवडा ताईने कसा काढला ते तिलाच माहीत. लॅबमध्ये एका कवळीचे पुढचे दोन दात तिने उलटसुलट बसवले. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. दादाला फोन करून काहीतरी बोलावं म्हणून तिने चारदा फोन उचलला आणि चारदा ठेवला. तिची खात्री होती, तो मुक्याचं पात्र घेणार. एक मुका माणूस येऊन टेबलावर बसणार, चिठ्ठ्या पुढे करणार, आणि आपल्याला त्या वाचून दाखवाव्या लागणार. तीच आपली शिक्षा, असं तिला वाटत होतं.

रविवारी दादा आला. कागदावर खूप वेळ लिहीत बसला. ग्रंथपालांनी कागद घेऊन मोठ्याने वाचला: "दवंडीवाला. राजाचे हुकूम गावात ओरडून सांगतो. आवाज खणखणीत. गर्दीला घाबरत नाही."

पोस्टातल्या बाई उगाच फासे सारखे करत बसल्या. त्यांना आणि मला तोपर्यंत एवढंही माहीत नव्हतं की हा माणूस बोलताना अडतो. ताईला माहीत होतं. ती कागदाकडे बघत होती.

गोष्टीत धान्याच्या कोठाराला आग लागली. ग्रंथपाल म्हणाले, "चौकात माणसं जमली आहेत. दवंडीवाले, काय सांगता?"

दादा उठून उभा राहिला. तोंड उघडलं. आवाज नाही. ओठ तसेच, गळ्याची शीर ताठ, डोळे मिटलेले, आणि उजवी मूठ मांडीवर. एकदा, दोनदा. ती मूठ मी चार वर्षं बघत होतो.

"कोठाराला," ताई म्हणाली. सवयीने, हळूच.

दादाने तिच्याकडे न बघता पंजा वर केला. थांब. मग त्याने श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. आम्ही कुठे बघावं हे आम्हाला कळत नव्हतं. आणि मग आलं, "कोठाराला आग लागली आहे. घागरी घेऊन विहिरीवर या."

ग्रंथपालांनी फासे पुढे केले. दादाने टाकले. दोन पडले. ग्रंथपालांचा चेहरा उतरला, पण खेळ तो खेळ. "गोंगाटात लोकांना ऐकू गेलं नाही," ते म्हणाले.

दादा हसला. "मग परत सांगतो," म्हणाला, आणि ते सगळं पुन्हा, पहिल्या अक्षरापासून, तेवढाच वेळ घेऊन सांगितलं.

घरी जाताना दोघं बरोबर चालत होती. ताईने मला हे नंतर दुकानात सांगितलं, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, काउंटरला टेकून.

"दादा, माझं चुकलं," ती म्हणाली होती.

"चुकलं म्हणजे?"

"तो सरदार. तो तू होतास."

"मूठ माझी होती," दादा म्हणाला. "बाकी मी नव्हतो. माझं 'प-प-प' होतच नाही. मला 'प' अडत नाही. 'त' अडत नाही. मला... 'क' अडतो. आणि तो अडला की नुसता बंद होतो, आवाजच येत नाही. एवढी वर्षं माझी नक्कल चाललीय, छोटे, आणि तुला अक्षर माहीत नाही?"

ताई चालता चालता थांबली.

"ते अक्षर आलं तर मी शब्द बदलतो. जन्मभर बदलत आलोय. आज 'आग लागली' एवढंच म्हणालो असतो तर दोन मिनिटांत सुटलो असतो. म्हटलं, आज नाही बदलायचा." मग थोडं चालून तो म्हणाला, "तुझं नाव त्याच अक्षरावरून सुरू होतं. म्हणून छोटी."

ताईला वाटत आलं होतं, लाडाने म्हणतो. सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी म्हणतो, म्हणून ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"बघू," दादा म्हणाला. रागाने नाही. खरंच बघावं लागेल, अशा स्वरात. मग त्याची गल्ली आली आणि तो वळला.

पुढच्या रविवारी दादा यायच्या आधी ताईने आम्हाला सगळं सांगितलं. सरदाराचा कागद तिने ग्रंथपालांसमोर ठेवला. "याला मारून टाका," म्हणाली. ग्रंथपालांनी आपली टिपणांची वही उघडली, ताईचं जुनं वाक्य शोधलं, वाचलं आणि वही मिटली. महाराणी रडल्या. मी काहीच केलं नाही. टेबलावर ताल धरणारी बोटं माझी होती, एवढं तरी म्हणायला हवं होतं. दादा आल्यावर मी त्याला खुर्ची ओढून दिली. तेवढंच जमलं.

ताईला नवीन पात्र घ्यायचं होतं. ती कोरा कागद घेऊन बसायची. सैनिक लिहायची, खोडायची. वैद्य लिहायची, खोडायची. "मी काय लिहू?" ती ग्रंथपालांना म्हणाली, "जे लिहीन ते कोणाचं तरी उचललेलं असेल. माझं असं काय आहे? दुसऱ्याच्या तोंडात बसवायला दात करते मी." शेवटी पात्राशिवायच बसू लागली. कोणाचे किती फासे पडले ते लिहायची, चहा ओतायची. तिची ती तिखट जीभ आमच्या टेबलावरून गेलीच. आम्हाला तिची आठवण यायची, पण तसं म्हणायची लाज वाटायची.

दादा सात रविवार आला. त्याच्या दवंड्या कधी पोचल्या, कधी नाही. मग एका नाट्यगृहाच्या साडेतीनशे खुर्च्यांचं काम निघालं आणि तो यायचा बंद झाला. माझ्या दुकानात मात्र अजून येतो. चिठ्ठी आणत नाही. मी हातातलं काम खाली ठेवतो आणि थांबतो. मागची गिऱ्हाइकं चुळबुळ करतात. पहिल्यांदा त्याने कफाचं औषध मागितलं तेव्हा मला वाटलं, आता बोलावं, माफी मागावी. पण त्याचा शब्द पुरा झाला, औषध दिलं, तो गेला. नंतर कितीतरी वेळा आला. ते बोलणं माझ्याकडेच राहिलंय.

गेल्या महिन्यात ताई दुपारी दुकानात आली. दादाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होतो? दादा 'क'वर अडला. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.

"आणि मी बोलून टाकलं," ताई म्हणाली. "'काही महिन्यांपासून.' तोंडातून निघूनच गेलं. वर्षभर जीभ दाताखाली धरून होते, आणि डॉक्टरने एकदा घड्याळ बघितलं तर..."

"दादा काय म्हणाले?"

"काही नाही. तपासून घेतलं, बाहेर आला. जिन्यात मला म्हणाला, महिने नाही, दोन वर्षं झाली." तिने काउंटरवरचं माझ्या चष्म्याचं घर उगाच उघडलं, मिटलं. "डॉक्टरला चुकीचं सांगितलं मी. पुन्हा आत जाऊन सांगावं लागलं. त्याने सांगितलं. मी बाहेर थांबले."

मी तिला आत येऊन बस म्हटलं. ती नको म्हणाली, लॅबमध्ये तीन साचे पडून होते. डोळ्यांत घालायचे थेंब तिने घेतले, दिवसातून किती वेळा घालायचे ते दोनदा विचारून घेतलं, आणि गेली.