नसीमनं तासलेला बोरू

जानेवारीतल्या त्या सकाळी नसीमच्या मुलीचा, सनाचा फोन आला तेव्हा मी बोरूच तासत बसले होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाली. मग नाक ओढत, "तो छिलक्यांचा डबा सापडलाय. पण त्यात जेमतेम मूठभर आहेत, मावशी..." सना दिल्लीत वाढलेली. ढलप्या हा शब्द तिला येत नाही. मला मात्र ते ऐकून, खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं सोबत असलेली मैत्रीण गेल्याची बातमी नीट डोक्यात शिरायच्या आत मनात आलं, बघ, शेवटी डबा माझाच भरला! अशी मी. नसीमबद्दल लिहायचं तर हे आधी कबूल करायला हवं.

नसीम मिरजेची, मी साताऱ्याची. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. त्या अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या दोघीच, त्यामुळे साहेबांची निंदा अगदी मोठ्यानं करता यायची. अरबी-फारसी सुलेखनाचं वेड मात्र माझं, तिचं नव्हे. जामा मशिदीमागच्या गल्लीत लग्नपत्रिका लिहून देणारे एक म्हातारे उस्ताद होते. एकदा जाता जाता मी त्यांना लिहिताना पाहिलं आणि तासभर दुकानाच्या पायरीशी उभीच राहिले. पुढे दर शनिवारी शिकायला जाऊ लागले. वर्षभरानं सोबत हवी म्हणून नसीमला ओढून नेलं. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

उस्तादांची शिकवायची तऱ्हा अशी, की आधी हात-तोंड धुवायचं, मग नुसतं बसायचं. "लिखना बाद में, पहले बैठना सीखो." मन शांत झालं की बोरू उचलायचा, बोरूच्या टोकानं ठिपके देऊन अक्षराची उंची मोजायची आणि श्वास रोखून रेघ ओढायची. अलिफ हे पहिलं अक्षर म्हणजे तर एक साधी उभी रेघ. ती साधी रेघ मला दहा महिने जमली नाही. नसीमला तीन महिन्यांत जमली. ती दिवसाला पाच अलिफ लिहायची, मी शंभर लिहायचे. तिला लिहिताना पाहिलं की वाटायचं, ही नमाजालाच बसलीय जणू. मला ते बसणं कधी साधलंच नाही. डोळे मिटले की मला नसीमचा कागद दिसायचा.

उस्तादांच्या घराण्यात आणखी एक रीत होती. बोरू तासताना पडलेली एकही ढलपी फेकायची नाही. जन्मभर डब्यात साठवायची, आणि माणूस गेलं की शेवटच्या अंघोळीचं पाणी त्या ढलप्यांवर तापवायचं. मी विचारलं, "और हमारा क्या, उस्तादजी?" ते हसले. "तुम्हारी तो चिता है, बेटा. उसी में डलवा देना." मी घरी येऊन मुलाला तसं बजावूनही ठेवलं होतं.

सातव्या वर्षी एका शनिवारी उस्तादांनी नसीमचा कागद उजेडाशी धरला आणि म्हणाले, "अब नीचे नाम लिखो." उस्तादांनी इजाजत दिल्याशिवाय शागिर्दानं आपल्या लिहिलेल्या पानाखाली नाव घालायचं नसतं. मी टाळ्या वाजवल्या, रसमलाईसुद्धा आणली. घरी आल्यावर मात्र कुकर असा आपटला की सासूबाई बाहेर आल्या. मला उस्ताद एवढंच म्हणाले होते, "हाथ अच्छा है बेटा, जल्दी बहुत है." दोन वर्षांनी ते गेले आणि माझं नाव राहून गेलं ते राहूनच गेलं.

पण ज्याला इजाजत मिळाली त्याला ती दुसऱ्याला देता येते. गाझियाबादच्या तिच्या फ्लॅटमध्ये एका दुपारी माझं पान बराच वेळ पाहून नसीम म्हणाली, "मधू, मी देऊ का गं तुला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू कोण देणार? तुला तिथे नेलं कुणी?" ती म्हणाली, "बरं, राहू दे. चहा गार होतोय बघ." पुन्हा हा विषय तिनं कधी काढला नाही. मीही नाही.

एका बाबतीत मात्र मी पुढे होते. माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ढलप्यांनी गच्च भरला होता. तिचा मी मुद्दाम हलवून बघायचे. "कामचुकार कुठली! नुसता खुळखुळतोय." ती हसायची.

सनाचा फोन ठेवून माझा डबा मांडीवर घेऊन मी टॅक्सीत बसले तेव्हा ठरवलं होतं, निम्म्याच द्यायच्या. नसीमच्या बाल्कनीत शेजाऱ्यांची अंगीठी ठेवली होती, वर पातेलं. तिच्या मूठभर ढलप्या बघता बघता जळून गेल्या. पाण्यात बोट घातलं, तर गारढोण. आत अंघोळ घालणाऱ्या बायका थांबल्या होत्या. सना माझ्या डब्याकडे बघत होती, मागत नव्हती. मी झाकण उघडलं आणि अख्खा डबा उपडा केला. "घे बाई, हेही घे!" असं मोठ्यानं ओरडले म्हणे मी. शेजारीण दचकली. ढलप्या भडाभडा पेटल्या. बाकीचं पाणी गॅसवर तापवलं, पण पहिलं पातेलं माझ्या ढलप्यांवरचं होतं.

निघताना सनानं मला नसीमचा बोरू दिला. रिकाम्या डब्यात टाकून घरी आणला आणि खिडकीशी नीट पाहिला. चाकूचा एकच लांब काप, एक छेद, टोक सुरेख तिरकं. जिथे मी वीस वेळा चाकू चालवते तिथे तिनं एकदाच चालवला होता. एकदा तासायची आणि महिनोन् महिने त्यावर लिहायची ती. माझं अक्षर बिघडलं की मी बोरूला दोष द्यायचे आणि पुन्हा तासायचे. डबा त्यानंच भरला होता, आणि मी तो तिच्यासमोर मिरवत होते! तिला हे पहिल्या दिवसापासून कळत असणार. एका शब्दानं बोलली नाही, नुसती हसली.

आज पाच आठवडे झाले. रोज सकाळी हात धुऊन बसते आणि तिच्या बोरूनं लिहिते. अक्षरं जागच्या जागी पडतात. त्याचाही पहिल्यांदा संतापच आला. म्हणजे इथेसुद्धा हीच पुढे का! आता टोक झिजलंय, रेघ जाड यायला लागलीय. तासायला हवं. पण तासलं की टोक माझं होणार, म्हणून चाकू ड्रॉवरमध्ये टाकलाय. परवा लिहिलेलं पान टेबलावर आहे, खाली नावापुरती जागा कोरी ठेवली आहे. नसीम, तू कोण देणार, असं विचारलं होतं मी. तूच गं. आता मागते आहे, दे ना...