वाघजाईचा उजवा कौल

मी रोज बायबल वाचते, म्हणून लोकांना वाटतं की मला चमत्कार लगेच पटत असतील. उलट आहे. अंगात येणं, करणी, उतारा, कौल... यातलं काही मला कधी खरं वाटलं नाही. समुद्र दुभंगला ते पान वाचतानासुद्धा मी थांबले होते – असं कसं होईल? पण नवरात्र संपल्यावर आमच्या वाडीत जे झालं ते भर सकाळी, माझ्या डोळ्यांसमोर झालं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमची वाडी वेल्ह्याच्या बाजूला, पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. मोजकी घरं, सगळ्यांकडे शेळ्या. खाली पाण्याकाठी पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत. त्यातल्या एका बंगल्यात मी स्वयंपाकाला जात होते. तिथल्या बाई रिटायर शिक्षिका, ख्रिस्ती. त्यांना डोळ्यांनी दिसेना झालं तेव्हा म्हणाल्या, "तू वाच, मी ऐकते." माझं शिक्षण चौथी. मी अडखळत वाचायचे, बाई चुका काढायच्या. पुढे मुलानं त्यांना पुण्याला नेलं. जाताना पुस्तक मला देऊन गेल्या.

तेव्हापासून सकाळी शेळ्या सोडायच्या आधी चुलीपाशी बसून थोडं वाचते. मोठ्यानं वाचते, कारण मनातल्या मनात वाचलं की ओळ सुटते. आणि पहिल्या पानापासून, क्रमानं. बाई म्हणाल्या होत्या, नुसत्या नावांची पानं आहेत ती सोडून दे. मी सोडली नाहीत. एवढ्या माणसांची नावं कुणीतरी लिहून ठेवली आणि त्यात बायकांची किती थोडी, हे ती पानं वाचली म्हणूनच कळलं. एका मोलकरणीला लेकरासकट रानात हाकलून दिल्याची गोष्ट वाचली, त्या दिवशी माझी भाकरी करपली. धर्म मी बदललेला नाही. देव्हाऱ्यात दिवा लावते. पण वाचते.

यंदा बिबट्या वाडीत शिरायला लागला. आधी भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, गाभण शेळी गेली. मग शेजारची करडं. भाऊजी ओट्यावर येऊन बसले आणि ह्यांना म्हणाले, "वाघजाई आपल्या वाडीची राखण करती. तिच्या हद्दीत रोज सकाळी दुसऱ्या देवाचं पुस्तक मोठ्यानं वाचत्यात. मग ती कशाला राखंल?"

सासूबाई मला म्हणाल्या, "मनात वाच की गं पोरी. आरडून कशाला वाचाय पायजे?"

हे म्हणाले, "दे सोडून. एका पुस्तकापायी घरात भांडान नको."

भाऊजींसमोर मी आजवर बोलले नव्हते. त्या दिवशी दाराआडून म्हणाले, "भाऊजी, बिबट्या पार धरणापर्यंत सगळीकडं फिरतोय. तिकडं कोण वाचतंय?"

"घ्या! आता तोंडबी फुटलं," भाऊजी म्हणाले. "हेच शिकवतंय व्हय पुस्तक?"

ठरलं की वाघजाईला कौल लावायचा. नकार आला तर पुस्तक धरणात सोडायचं. ते जमत नसेल तर मी माहेरी, भोंगवलीला जायचं – लेकीला इथं ठेवून. लेक दुसरीत आहे.

कौल आमच्याकडे असा लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची ओली पाकळी चिकटवायची, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. मला विचाराल तर पाकळी सुकली की पडते, त्यात देवाचा काय संबंध? डावी पडली तरी पुस्तकही द्यायचं नाही आणि लेकीला सोडूनही जायचं नाही, असं मी घरून ठरवून निघाले होते. कसं करणार होते ते मात्र माहीत नव्हतं. 

पुरुष गाभाऱ्यापाशी बसले. सासूबाई आणि मी उंबऱ्याबाहेर, पायरीवर. गुरवमामांनी पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "आई, ह्या सुनंनं पुस्तक वाचावं असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे. लेकरांचं चुकलंमाकलं पोटात घे."

बराच वेळ काही नाही. मग उजवी पडली.

भाऊजी उसळले. "गुरवा, पाणी कमी लावलंस! सकाळचा चा घेतला न्हाईस जणू."

"मग तूच लाव, अण्णा," गुरवमामा म्हणाले. "तुझ्या चाला जोर असंल."

कुणीतरी हसलं. भाऊजी खरंच उठले. गुरवाशिवाय कुणी मूर्तीला हात लावत नाही, पण त्यांना कुणी अडवलं नाही. जुनी डावी काढून त्यांनी नव्या पाकळ्या घेतल्या. उजवी पाण्यात भिजवून अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. ओलीसुद्धा केली नाही. सगळ्यांनी बघितलं. ह्यांनीही बघितलं आणि मान खाली घातली.

मी डोळे मिटले नाहीत. डावीकडेच बघत होते.

डावी हलली नाही. उजवी, ती दाबून बसवलेली, सुटली. सरळ खाली पडली नाही... पुढे आली. गाभारा ओलांडून उंबऱ्यावरून माझ्या पायाशी पडली. वारा नव्हता. समईची वात जराही हलली नव्हती.

भाऊजींनी चिडून डावी पाकळी ओढली. निघेना. कोरडी पाकळी, नुसती टेकवलेली – शेवटी नखानं खरवडून काढावी लागली.

"उठा आता," गुरवमामा हळूच म्हणाले. सासूबाईंनी माझ्या पायापाशी पडलेली पाकळी उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुणेचं पान उघडलं. एका राजानं शत्रूला शाप द्यायला मुद्दाम माणूस बोलावून घेतला. वाटेत त्याची गाढवी माणसासारखी बोलली, आणि तिथं पोचल्यावर त्याच्या तोंडून शापाऐवजी आशीर्वादच निघत राहिला. ही गोष्ट मी आधी कधी वाचली नव्हती, ऐकली नव्हती. पान क्रमानंच आलं होतं. पुढे वाचवेना, पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले.

वरच्या माळावर मोबाईलला रेंज येते. तिथं जाऊन बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या रागावल्या. "त्या देवळात तू बसलीसच का? सैतानही गोड बोलतो, लक्षात ठेव."

मी म्हणाले, "बाई, मी बायबल वाचत राहावं असं सैतानाला कशाला वाटेल?"

 फोन कटला की त्यांनी ठेवला, मला माहीत नाही.

इकडे भाऊजी म्हणतात, गुरव फितूर आहे. पण दुसऱ्या वेळी पाकळ्या त्यांनी स्वतःच लावल्या होत्या, हे त्यांना कोण सांगणार? बिबट्या अजून येतो. माझ्या वाचण्यानं तो आला नाही आणि कौलानं गेला नाही. ती पाकळी माझ्यापर्यंत कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. बाईंचं कारण मला पटत नाही, भाऊजींचंही नाही, आणि माझ्याकडे तिसरं नाही.

परवा भाऊजी आले आणि ह्यांना म्हणाले, चैत्रात जत्रेला दुसरा गुरव आणू आणि पुन्हा कौल लावू. मी चहा घेऊन बाहेर आले. दाराआड थांबले नाही.

"लावा, भाऊजी. उजवा पडला म्हणून मी वाचत न्हाई. डावा पडला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचणार. आन् मोठ्यानंच वाचणार."

भाऊजींनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "साखर कमी हाय."

मी साखर घातली नाही.