आहेराच्या साडीला कात्री

ग्रामसभेत बोलायला उभी राहिले आणि ड्रेसची काखेतली शिवण टर्रकन उसवली. पुढचा तास-दीड तास मी फाईल काखेत दाबून पाणीपट्टीवर बोलले. मी ग्रामसेविका आहे. दोन गावं सांभाळते आणि राहात्याहून रोज स्कूटीवर जाते-येते. माणसं माझं ऐकतात, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष काखेत होतं. घरी येताना ठरवलं, आता बस्स. चार माणसांत ताठ उभं राहता येईल असे कपडे मला हवेतच.

पगारातून कपड्यांसाठी असं वेगळं काही उरत नव्हतं आणि दुकानं हिंडायला वेळ तर त्याहून नव्हता. कपाट मात्र उघडलं की अंगावर कोसळायचं. आत बत्तीस साड्या होत्या, सगळ्या आहेरात आलेल्या. आमच्याकडे दुकानदाराला सरळ सांगतात, "देण्याघेण्यातल्या दाखवा." ती साडी कुणी नेसावी म्हणून घेतलेलीच नसते. आलेली ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायची. मी एका लग्नात दिलेली साडी तीन वर्षांनी फिरून माझ्याच ओटीत आली होती. पिशवीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं गाव कुणीतरी पेनाने खोडलं होतं, एवढाच फरक!

रविवारी सगळ्या साड्या पलंगावर टाकल्या आणि एकेक मानेवर घासून बघितली. टोचली की बाजूला. मऊ सुती अशा अकरा निघाल्या. तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी आत्या म्हणते.

"काय मांडलंय हे?"

"कुर्ते शिवायचेत, आत्या. या साड्यांचे."

"आहेराच्या साडीला कात्री लावत्यात व्हय? देणाऱ्यानं बघितलं तर काय म्हनंल? तोंडावर मारल्यावानी हाय ते."

त्यांची भीती खोटी नव्हती. त्यातली जांभळी साडी माझ्या नणंदेच्या सासूबाईंनी दिलेली होती. आमच्या विहीणबाई म्हणजे मानपानाचं चालतंबोलतं दप्तर. त्यांचं बिनसलं तर बोलणी नणंदेला खावी लागणार आणि ठपका माझ्यावर येणार. तरी मी अकराही साड्या पिशवीत भरल्या. कपाटात बत्तीस साड्या आणि अंगावर उसवलेला ड्रेस, हा काय न्याय झाला? आत्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. काठ बाहीला आणि खालच्या घेराला घ्यायचा, आणि प्रत्येक कुर्त्याला उजवीकडे खोल खिसा हवाच. "लेडीजला कशाला खिसा?" त्या हसल्या. मी म्हटलं, "मोबाईल, स्कूटीची किल्ली आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. हातात काय काय धरू?" अकरा कुर्ते झाले. खाली पांढरी, काळी आणि मरून अशा तीनच सलवारी घेतल्या. कुठलाही कुर्ता कशावरही चालायचा. सकाळी डोळे मिटून हात घातला तरी चालेल, अशी सोय झाली! पहिल्या दिवशी खिशातून शिक्का काढून दाखल्यावर मारला तेव्हा मला जो आनंद झाला, तो लग्नातल्या शालूनेही झाला नव्हता. माझ्या मापाचे, माझ्या पसंतीचे इतके कपडे मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाले होते.

आणि मग एका गुरुवारी कामावरून घरी आले तर बैठकीत विहीणबाई. शिर्डीला दर्शनाला आल्या होत्या, जाता जाता डोकावल्या. माझ्या अंगात नेमका जांभळा कुर्ता. पळायला जागा नव्हती. मी वाकून पाया पडले. त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरली आणि काठावरून अंगठा फिरवला.

"ही साडी मी दिलती का गं?"

खोटं बोलावं तर काठ समोर होता. मी "हो" म्हणणार, एवढ्यात आत्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"व्हय, तुमचीच हाय, इहीनबाई. मीच म्हनलं तिला, शिव म्हणून. पेटीत कुजवन्यापरीस सुनंच्या अंगावर दिसू दे की! दोन गावं बघती ती. तिथं काय गबाळी जाऊ दिऊ?"

विहीणबाई आत्यांकडे बघतच राहिल्या. आत्यांनीही नजर हटवली नाही. शेवटी विहीणबाईंनी बाही सोडली आणि म्हणाल्या, "शोभतोय पन. दुसरं कुनी असतं तर तिसऱ्याच्याच गळ्यात घातली असती."

मी चहाचं निमित्त करून आत पळाले. ओट्याला धरून हसू आवरत होते आणि डोळे मात्र भरून आले होते. बाहेर आत्यांचा आवाज चढला होता. "आन् खिसा बघितला का तिचा? शिक्का मावतो त्यात, शिक्का!"