लासूरकरांचा किल्ला आणि सर्वकामी लेन्स

दाखला देण्यात येतो की, श्री. सदाशिव दत्तात्रेय लासूरकर, रा. पडेगाव, वरिष्ठ सहाय्यक (सेवानिवृत्त), लघुसिंचन, हे सुस्वभावी, निर्व्यसनी व नियमांचे जाणकार असून खरेदीच्या कामी त्यांचा अनुभव प्रदीर्घ आहे. त्यांना छायाचित्रणाचा छंद आहे. त्यांच्याविरुद्ध कोणतीही विभागीय चौकशी प्रलंबित नाही.

असा दाखला लासूरकरांना कुणी दिलेला नाही. कुणी द्यायचं म्हटलं असतं तर मसुदा त्यांनी स्वतःच केला असता आणि त्यात दोन दुरुस्त्या सुचवून सहीला ठेवला असता. छंदाबद्दल मात्र खुलासा करायला हवा. छंद त्यांना निवृत्तीच्या दिवसापासून होता, कॅमेरा नव्हता.

त्यांना फोटोही एकच काढायचा होता. नोकरीची सगळी वर्षं औरंगाबादेत भाड्याच्या खोल्यांत गेली आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीसमोर दुसऱ्या कुणाची तरी भिंत होती. म्हणून पडेगावला प्लॉट बघायला गेले तेव्हा त्यांनी रस्ता विचारला नाही, शाळा विचारली नाही आणि पाणीही विचारलं नाही. पाणी न विचारणं त्यांच्या खात्याच्या रीतीला धरूनच होतं. ते शेजारच्या कडब्याच्या गंजीवर चढले, पश्चिमेला बघितलं, समोर दौलताबादचा किल्ला दिसला आणि ते खाली उतरून म्हणाले, "घेतला." आयुष्यात एवढ्या झटपट त्यांनी घेतलेला हा एकमेव निर्णय.

पुढे तिथं घर झालं, गच्ची झाली आणि संध्याकाळचा चहा किल्ल्याकडे तोंड करून होऊ लागला. पाहुण्यांना ते "आमचा किल्ला" म्हणून दाखवत. यादवांपासून निजामापर्यंत कुणाला तो इतक्या कमी त्रासात मिळाला नव्हता.

प्लॉट ज्यांच्याकडून घेतला ते कारभारी शेजारीच राहत. कधीकाळी तिथं त्यांची ज्वारी उभी असे. शहर हळूहळू पडेगावकडं सरकत आलं तशी ज्वारी मागं मागं गेली आणि २०१५ साली उरलेल्या तुकड्यावर, नेमका लासूरकरांच्या पश्चिमेला, कारभाऱ्यांनी फ्लॅटचा सांगाडा उभा केला. खांब झाले, स्लॅब पडले. वरच्या मजल्याच्या दोन खांबांमधून किल्ला अजून दिसत होता, उलट चौकटीत बसवल्यासारखा जास्तच शोभत होता.

"कारभारी, हे मोकळंच ठेवणार ना?" लासूरकरांनी गच्चीवरून विचारलं.

"मोकळं? साहेब, फ्लॅट घेणाऱ्या लोकायला काय वाऱ्यावर झोपवू? ईट लागली की झालं."

त्या दिवशी लासूरकरांनी कॅमेरा घ्यायचं नक्की केलं. चांगला, डीएसएलआर. भिंत उठायच्या आत आपला किल्ला आपल्या गच्चीवरून टिपून ठेवायचा. उद्देश स्पष्ट होता, निकड स्पष्ट होती, पैसे बाजूला काढलेले होते. म्हणजे आता फक्त रीतसर खरेदी करायची राहिली होती.

रीतसर म्हणजे तीन दरपत्रकं. घरात कुकर आला तोही तीन दरपत्रकं मागवून. शहरातल्या तीन दुकानांनी कॅमेऱ्याचे भाव लिहून दिले. त्यांची मुदत पंधरा दिवस होती आणि लासूरकरांचा विचार साधारण सोळाव्या दिवशी पूर्ण होई. मग पुन्हा दरपत्रकं मागवावी लागत.

एवढ्या वेळात भिंत कधीच उभी राहिली असती, पण दुष्काळ मदतीला आला. संक्रांतीनंतर कारभाऱ्यांचं बोअर आटलं. पडेगावात टँकरची वाट बघत पिंपांच्या रांगा लागल्या. प्यायला पाणी नाही तिथं विटा कोण भिजवणार? काम बंद पडलं. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळानं ज्यांचं भलं केलं अशी माणसं शोधायला समिती नेमली असती, तर तिला लासूरकर सापडले असते. त्यांनाही याची लाज वाटे, म्हणून ते अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत.

"साहेब, तुमच्या किल्ल्यापायी देवानं माझं पाणी तोडलं बघा," कारभारी म्हणत.

"तसं नाही हो," लासूरकर म्हणत आणि किल्ला अजून जागेवर आहे ना, ते बघून घेत.

तीन दुकानांपैकी त्यांचं जास्त जाणं-येणं होतं ते गुलमंडीवरच्या सांडूच्या दुकानात. हा सांडू मूळचा सिल्लोडकडचा, तोंडाचा फटकळ. त्याच्या मते लासूरकरांनी दोन लेन्सचा संच घ्यायला हवा होता.

"एक जवळचं, एक लांबचं. वर बॅग फुकट. आणखी काय पाह्यजे, काका?"

"आणि बदलायची वेळ आली की?"

"बदलायची. एक काढली, दुसरी लावली."

"तेवढ्यात पडेगावची धूळ आत गेली म्हणजे? यंदा आमच्याकडं भाकरीतसुद्धा धूळ आहे."

"काका, तुम्हाला फोटो काढायचाय का ऑपरेशन करायचंय?"

पण लासूरकरांचा मुद्दा पक्का होता. लेन्स एकच हवी आणि ती कायमची बसलेली हवी. ती अठरा मिलिमीटरवर ठेवली की घरातलं बारसं मावलं पाहिजे आणि एकशे चाळीसपर्यंत ओढली की किल्ला जवळ आला पाहिजे. त्यांच्या हिशेबानं अठरावर किल्ला मोहरीएवढा, पंचावन्नवर वाटाण्याएवढा आणि एकशे चाळीसवर लिंबाएवढा येणार होता. लिंबावर ते समाधानी होते. खरेदीच्या भाषेत या लेन्सला त्यांनी 'सर्वकामी' असं नाव दिलं. दर खेपेला ते तोच कॅमेरा तीच लेन्स लावून मागत, दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या पाटीवर रोखत, लेन्स पुढं-मागं करत आणि अलगद काचेवर परत ठेवत.

"हा आठवडाभर घरी नेऊन बघता आला तर..."

"कॅमेरा आहे काका, साडी नाही घरी दाखवायला न्यायला."

असे महिने गेले. मेच्या शेवटी एका संध्याकाळी कारभारी खालूनच ओरडले, "साहेब, खुशखबर! मेव्हण्याच्या हिरीला पाणी लागलंय. टँकर ठरला. उद्या गवंडी येतोय. अन् तुमच्याच बाजूनं सुरू करतो. वैनीला दुपारचं लई ऊन लागतं ना, ते आडंल."

उपकाराला नाही कसं म्हणायचं, हे लासूरकरांना कधीच जमलं नव्हतं. ते म्हणाले, "वा!" आणि आत येऊन खुर्चीत बसले.

सकाळी ते दरपत्रकं पसरून बसले होते. तिन्हींची मुदत संपली होती. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई पिशवी घेऊन निघाल्या.

"गुलमंडीवर जाऊन येते. साबुदाणा संपलाय."

"या. मी तोवर तिघांना फोन करून नवीन भाव मागवतो."

"मागवा."

बाई परत आल्या तेव्हा समोरच्या इमारतीवर गवंडी फकिरा पोचला होता आणि विटांचे दोन थर लागले होते. बाईंनी पिशवीतून आधी साबुदाणा काढला, मग खोकं काढलं.

लासूरकर उभेच राहिले. "हे काय? कुठलं मॉडेल? लेन्स कुठली?"

"मला काय कळतंय त्यातलं! सांडूला म्हटलं, आमच्या ह्यांनी पाच महिने हातात धरून परत ठेवलेला जो आहे, तोच द्या. त्यानं मान वर न करता काढून दिला."

खोकं उघडलं. तोच होता. सर्वकामी लेन्सही तीच होती. मात्र बॅटरी रिकामी होती आणि पडेगावची लाईट गेली होती.

प्रमोदिनीबाई कठड्याशी गेल्या. "कारभारीभाऊ, तुमच्याकडं जनरेटर आहे ना?"

"हाय की. काय दळायचंय वैनी?"

अशा रीतीनं किल्ला झाकणाऱ्या भिंतीच्या जनरेटरवर किल्ल्याच्या फोटोची बॅटरी चार्ज होऊ लागली. कारभाऱ्यांना सगळी हकिगत कळली तेव्हा ते हसून हसून वाळूच्या ढिगावर बसले. मग त्यांनी फकिराला हात केला.

"थांब रं. साहेबाच्या किल्ल्याला बॅटरी लागायलीय."

"माल वाळंल की," फकिरा म्हणाला.

"वाळू दे. चहा घे."

भरलेली बॅटरी घेऊन कारभारी स्वतः जिना चढून आले आणि परत आपल्या इमारतीवर जाऊन बघत उभे राहिले. लासूरकरांनी चष्मा पुसून माहितीपुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. कॅमेऱ्यानं भाषा विचारली, त्यांनी निवडली. तारीख विचारली, त्यांनी भिंतीवरच्या कालदर्शिकेत खात्री करून घातली. आपण कोणत्या देशाच्या वेळेत राहतो हेही त्यानं विचारलं.

"साहेब, चहा बी संपला, बिडी बी संपली!" पलीकडून आवाज आला. फकिरानं थापी उचलली. तिसरा थर लागला, चौथा सुरू झाला.

"एकच मिनिट! सूचना क्रमांक अकरा..."

"तुम्ही वाचा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "मी नुसता धरते." त्यांनी कॅमेरा घेतला आणि लेन्स पार शेवटपर्यंत ओढली.

भिंत संध्याकाळपर्यंत पूर्ण झाली. आता गच्चीवर दुपारी छान सावली असते आणि चहा तिथंच, पण पूर्वेला तोंड करून होतो. किल्ल्याचा फोटो दिवाणखान्यात आहे. दोन खांबांच्या मधोमध, बरोबर लिंबाएवढा, कातीव कडे दिसतील इतका स्वच्छ किल्ला; खालच्या कडेला धूसर फकिरा आणि त्याची थापी. कारभाऱ्यांनी त्याची एक प्रत मागून नेली आणि फ्लॅट बघायला येणाऱ्या लोकांसाठी खालच्या खोलीत लावली. पाहुणे आले की लासूरकर फोटोसमोर उभे राहून एकाच लेन्सचे फायदे, धुळीचा प्रश्न आणि निवडीची पद्धत हे सगळं क्रमवार समजावून सांगतात. पाहुण्यांना ते पटतंही.

फोटो प्रमोदिनीबाईंनी काढलेला आहे.