धर्माच्या गाईचे दात

त्या वेळी मी अडून बसले होते, हे खरं आहे. आमच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, मला हट्टी म्हटलं गेलं, आडमुठी म्हटलं गेलं, एकाने तर कृतघ्न याच अर्थाचा इंग्रजी शब्द फार सभ्यपणे वापरला. सगळं मान्य. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा अडून बसेन.

प्रसंग असा. कागदपत्रं टाइप करायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे आणि जगभरातली आम्ही काही माणसं मिळून ते सांभाळतो. त्याला मालक नाही, आम्हाला पगार नाही. पोटासाठी मी लोणावळ्यातल्या घरातून एका कंपनीचं काम करते, उरलेल्या वेळात हे. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने स्वतःचं तसलंच सॉफ्टवेअर बंद केलं आणि त्याचा अख्खा कोड आमच्या प्रकल्पाला दान दिला. वर तो बसवून द्यायला आपले पगारी इंजिनिअरही दिले. आम्ही हरखून गेलो. मग दोन्ही कोड एकत्र करायचं काम निघालं. दोन बिऱ्हाडं एका घरात आली की पोळपाट दोन होतात आणि कुठला माळ्यावर टाकायचा यावरून तोंडं फुगतात, तसंच आमचं रोज चालायचं. जुन्या फायली उघडण्याचा भाग माझ्या वाट्याला आला.

त्यांच्या कोडमध्ये साफसफाईचा एक तुकडा होता. जुनी फाइल उघडली की सुरुवातीच्या रिकाम्या ओळी तो काढून टाकायचा. वर त्या ओळींबद्दल शेरा लिहिला होता, 'निरुपयोगी.' मी तो वाचला, मला आवडला, आणि मी माझ्या हाताने तो आमच्या कोडमध्ये मिसळला. म्हणजे पहिली चूक माझीच. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मोठ्या कौतुकाने ती चाचणीची आवृत्ती मी आईच्या कॉम्प्युटरवर टाकून आले.

आई वडगावला तहसील कचेरीसमोर टायपिंग करते. पत्र्याखाली एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर. तिथे टेबल मांडणारी ती पहिली बाई. सुरुवातीला शेजारच्या टायपिस्टांनी तिचं टेबल दोनदा उचलून गटारापलीकडे ठेवलं होतं. दोन्ही वेळा तिने ते परत आणलं आणि त्याच फरशीवर मांडून कामाला बसली. माझा हट्ट कुठून आला, हे लिस्टवरच्या लोकांना कसं कळणार?

करारनामे स्टँपपेपरवर छापतात. कागदाच्या वरच्या भागात सरकारी मुद्रा असते, मजकूर तिच्या खालून सुरू करावा लागतो. टाइपरायटर होता तेव्हा आई कागद लावून रूळ चौदा खटके फिरवायची. कॉम्प्युटर आल्यावर चौदा एंटर मारायला लागली. पहिल्या पानाला वरून मोठा समास कसा लावायचा, हे मी तिला तीनदा शिकवलं. "लय भारी हाय की," म्हणाली आणि तिने चौदा एंटर मारले. तिच्या रांगेतले सगळे तेच करतात. नवं गिऱ्हाईक आलं की त्याच कामाची जुनी फाइल उघडायची, नावगाव बदलायचं, स्टँपपेपर घालायचा, छापायचं. पडद्याकडे कोण बघत बसतंय?

मी नवी आवृत्ती टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी कुरवंड्याचे एक आबा आले. पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या ते एकाला चालवायला देणार होते, त्याचा करार करायचा होता. आईने जुनी फाइल उघडली, नावं बदलली, आबांचा स्टँपपेपर प्रिंटरला लावला आणि बटण दाबलं. पहिलं कलम थेट मुद्रेवर छापलं गेलं. आबांनी कागद लांब धरून पाहिला.

"बाय, सरकारच्या डोक्यावरच लिवलंस की गं!"

ते हसले, पण कागद गेला तो गेलाच. पुन्हा स्टँपपेपर विकणाऱ्या व्हेंडरच्या रांगेत उभे राहिले, त्यांचा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी कुरवंड्याहून परत यावं लागलं. आईने मला फोन केला.

"तुज्या त्या नव्या मशिनीनं माजी मोकळी जागा खाल्ली. माज्या हातनं आजवर कुनाचा कागद वाया गेला न्हवता."

मला फार लाज वाटली. पुढच्या लोकलने वडगावला गेले आणि तिच्या यंत्रावर जुनी आवृत्ती परत टाकली. पण महिन्याभरात नवी आवृत्ती सगळ्यांसाठी निघणार होती. आईचे नऊ-दहा शेजारी, प्रत्येक तालुक्याच्या कचेरीसमोरचे तिच्यासारखे टायपिस्ट, त्यांच्या सगळ्या जुन्या फायली. तो तुकडा काढा, असं मी तिच्याच टेबलाशी बसून लिस्टवर लिहिलं.

उत्तर आलं, की जागा सोडायची ही पद्धतच चुकीची आहे, वापरणाऱ्यांना शिकवा. दुसरं उत्तर कंपनीच्या इंजिनिअरचं होतं. एवढं मोठं दान मिळालं असताना काही जण रिकाम्या ओळी मोजत बसले आहेत, आणि असंच चाललं तर कंपनीला आपली माणसं इथे ठेवण्याचा फेरविचार करावा लागेल. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं.

"धर्माची गाय आन् दात का गं न्हाई, आसंच म्हनत्यात ना ते?"

"हो, तसंच."

"आगं, गाय आपल्याच दावणीला बांधायची न्हवं? मग मोज की दात!"

आमच्या प्रकल्पात एक नियम आहे. कोड बदलायचा हक्क असलेल्या कुणाही एकाने कारण देऊन विरोध नोंदवला, तर तो बदल अडतो, आधी मिसळलेला असला तरी. हा नियम सहसा कुणी वापरत नाही, ते असभ्य समजलं जातं. मी वापरला. मग एका दुपारी व्हिडिओवर बैठक झाली. तो इंजिनिअर हुशार होता, आवाज चढवत नव्हता. त्या ओळींमध्ये काहीच नाही, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता.

"तिथे आमचं सरकार छापलेलं असतं," मी म्हटलं, आणि आबांच्या कागदाचा फोटो पडद्यावर लावला.

शेवटी ठरलं, की तो तुकडा निघेल, पण मी त्यासाठी एक चाचणी लिहून द्यायची. आमच्याकडे कुठलाही नवा कोड मिसळण्याआधी यंत्र आपोआप अनेक चाचण्या घेतं, आणि एक जरी फसली तरी तो कोड आत येत नाही. मला एक नमुना फाइल हवी होती. गिऱ्हाइकांचे कागद आई देणार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. "थांब," म्हणाली. तिने चौदा एंटर मारले, खाली एकच ओळ टाइप केली आणि फाइल माझ्या हवाली केली.

पुढे कंपनीने दोन इंजिनिअर खरंच काढून घेतले. काम रेंगाळलं, त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. फुटू दे.

तो हुशार इंजिनिअर मात्र राहिला. पाच-सहा महिन्यांनी त्याने दान आलेल्या कोडचा आणखी एक मोठा भाग मिसळायला घेतला आणि त्यातही वरच्या रिकाम्या ओळी गळत असल्याने तो भाग आईच्या फाइलच्या चाचणीत अडला. त्याने मला विचारलं, या ओळीत लिहिलंय तरी काय? तोवर ते मला कुणीच विचारलं नव्हतं. मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत कळवलं: 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, वरची जागा मी विसरलेली नाही, सोडलेली आहे.'

दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्त केलेला कोड पाठवला. चौदाच्या चौदा ओळी जागच्या जागी होत्या.