बनियनवरचा पिवळा पंजा

हळद पॉलिश होताना उडणाऱ्या धुळीचा वास आला की मला तीस वर्षांपूर्वीची कॉलेजातली कबड्डीची निवड आठवते. संघात चार रेडर होते आणि चौथा मी. कुरुंद्याचं एक पोरगं हळदीचं काम सोडून तसंच मैदानात आलं, तेव्हा मी सरांना म्हणालो, "आणखी रेडर काहून पायजे? आपल्याकडं पकडायलाच कोनी न्हाई!" सर म्हणाले, "एक चढाई तर बघू." मी पकडायला समोर उभा राहिलो. ते पोरगं आलं, वाकलं आणि परत गेलं. मी छाती पुढं काढून ओरडलो, "हात लागलाच न्हाई!" सगळे हसून लोळले, कारण माझ्या पांढऱ्या बनियनवर पाच बोटं पिवळीजर्द उमटली होती. ते संघात गेलं, मी पाणी द्यायला. घरी आईनं साबण लावला, तर पंजा लाल झाला. आता केस पिकले, तरी माझं म्हणणं तेच आहे, हात लागलाच नव्हता.